प्रवासी विमानाची राखण

यवतमाळच्या वसंत व्याख्यानमालेत विमानाच्या सुरक्षिततेचा विषय निघावा, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. मूर्तिजापूरच्या ‘शकुंतले’त बसून ज्या गावाने वर्षानुवर्षे संथ प्रवास केला, त्या गावाला आकाशातल्या संकटांची चिंता कशाला, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्यात गैर काही नाही. परंतु आज आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला, तर कोणाचे नातवंड समुद्रापलीकडे आहे. त्यांना भेटावयाचे तर नागपूरचा सोनेगाव विमानतळ गाठावा लागतो. शिवाय विदर्भाचा आणि विमानाचा संबंध कालपरवाचा नाही. १९४९ साली रात्रीच्या टपालविमानांची योजना सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार दिशांनी विमाने मध्यरात्री नागपुरास येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेच्या आत परतत. तेव्हा थैल्यांची काळजी होती. आता माणसांची आहे.

विमानतळावर गेलेल्या प्रत्येकाला तपासणीचा जाच ठाऊक आहे. पट्टा सोडा, खिसे रिकामे करा, पाण्याची बाटली दाखवा, हात पसरून उभे राहा. हा सारा उपद्व्याप कशासाठी, आणि त्याने खरोखर काही साधते काय, हा आमच्या विवेचनाचा विषय आहे. ह्या प्रश्नाचे उत्तर नियमांच्या पुस्तकात शोधण्यापेक्षा घडलेल्या घटनांत शोधलेले बरे, कारण यांतला जवळजवळ प्रत्येक नियम कोणत्या ना कोणत्या दुर्घटनेनंतर लिहिला गेला आहे.

आधी विमानात बसलेला माणूस इतका असहाय का असतो, ते पाहू. आगगाडीत काही विपरीत घडले तर साखळी ओढता येते, मोटार रस्त्याच्या कडेला उभी करता येते. विमानाला कडा नाही. दुसरे कारण हवेच्या दाबाचे. पस्तीस हजार फुटांवर बाहेरची हवा इतकी विरळ असते की तिचा दाब समुद्रसपाटीच्या दाबाच्या चौथाईइतकाच उरतो. माणसाला जगता यावे म्हणून विमानाच्या आत हवा कोंबून भरलेली असते. आतल्या आणि बाहेरच्या दाबांतील फरक दर चौरस मीटरला सुमारे पाच टन भरतो. आपल्या जिनिंग-प्रेसिंगच्या हिशेबाने सांगावयाचे, तर १७० किलोच्या तीस गठाणींचा भार विमानाच्या प्रत्येक चौरस मीटरला आतून बाहेर रेटीत असतो. प्रेसमध्ये गठाण बांधताना पट्टी तुटली, तर दाबून बसविलेला कापूस कसा उसळून बाहेर येतो, हे ज्याने पाहिले आहे, त्याला विमानाच्या पत्र्याला पडलेल्या लहानशा भगदाडाचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. जमिनीवर एखादी भिंत पाडू शकणार नाही एवढा स्फोटही त्या उंचीवर अख्खे विमान फाडू शकतो. उलट, २०१६ च्या फेब्रुवारीत सोमालियातील मोगादिशूहून निघालेल्या एका विमानात पुरेशी उंची गाठण्यापूर्वीच स्फोट झाला. भगदाड पडले, पण विमान सुखरूप परत उतरले आणि स्फोट घडविणाऱ्यावाचून कोणी दगावले नाही. पाच टनांचा तो भार अद्याप पुरता चढला नव्हता, हेच त्यामागचे मुख्य कारण.

आता घटनांकडे वळू. पहिली घटना अशी आहे की तिच्यातील काही नावे मराठी कानाला घरचीच वाटतील. ११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले. बांडुंग येथे आशियाई आणि आफ्रिकी राष्ट्रांची परिषद भरावयाची होती आणि तिच्यासाठी निघालेले चिनी प्रतिनिधी व काही पत्रकार विमानात होते. अकरा प्रवासी आणि आठ कर्मचारी. वैमानिक होते कॅप्टन जटार, सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक, देखभालीचे अभियंते अनंत कर्णिक. हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी. सुमारे पाच तासांचे उड्डाण झाल्यावर, खाली समुद्र आणि उंची अठरा हजार फूट असताना, स्फोट झाला. उजव्या पंखाला आग लागली. कॅप्टन जटार यांनी संकटाचे संदेश पाठवून आपले ठिकाण कळविले आणि जळते विमान नातुना बेटांजवळ समुद्रात उतरविण्याचा प्रयत्न केला. त्या अवधीत प्रवाशांना तरंगण्याची जाकिटे वाटली जात होती. विमान पाण्यावर आदळून तुटले. एकोणीसांपैकी सोळा जण गेले. दीक्षित, पाठक आणि कर्णिक हे तिघे वाचले. ह्या पाचही जणांच्या धैर्याचा गौरव अशोकचक्र देऊन करण्यात आला. कर्णिकांनी पुढे विमानाच्याच नावाने इंग्रजीत पुस्तक लिहून ही हकीकत जगापुढे ठेवली.

ज्या चौ एन लाय यांच्यावर हा घाव होता, ते त्या विमानात नव्हतेच. त्यांनी आपला मार्ग बदलला होता. समुद्रतळातून भग्नावशेष वर काढून तपास झाला, तेव्हा उजव्या चाकाच्या खोबणीत वेळेवर फुटणारा बॉम्ब ठेवला होता, असे सिद्ध झाले. हाँगकाँगच्या विमानतळावर विमाने साफ करणाऱ्या एका कामगाराला मोठ्या रकमेचे आमिष दाखवून हे कृत्य त्याच्याकडून करविले गेले, असा हाँगकाँगच्या पोलिसांचा निष्कर्ष होता. तो मनुष्य पकडला जाण्यापूर्वीच तैवानला पळाला. हाँगकाँगच्या अधिकाऱ्यांना आपण आधी सावध केले होते, असेही चीन सरकारने मागाहून जाहीर केले.

श्रोतेहो, ह्या घटनेकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्या दिवशी प्रवाशांची झडती कितीही कसून घेतली असती, तरी बॉम्ब सापडला नसता. तो प्रवाशाच्या हातातून आलाच नव्हता. झाडू घेऊन विमानाखाली वावरणाऱ्याच्या हातून आला होता. म्हणून आज विमानतळाचे दोन भाग मानतात. एका भागात कोणीही जाऊ शकतो. दुसऱ्या भागात, म्हणजे विमानाच्या बाजूला, वैमानिक असो, स्वयंपाकाच्या पेट्या आणणारा असो की झाडलोट करणारा असो, प्रत्येकाला ओळखपत्र लागते आणि प्रत्येकाची तपासणी होते. उड्डाणापूर्वी रिकाम्या विमानाचा कोपरा न् कोपरा, चाकांच्या खोबणीसुद्धा, पाहिल्या जातात. वणीच्या जत्रेला बैलगाडी जुंपताना शहाणा गाडीवान बैलांबरोबर चाकाची खीळही पाहून घेतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी घटना तीस वर्षांनंतरची. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे जंबो विमान माँट्रियलहून लंडनमार्गे भारताकडे येत असता आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर फुटले आणि ३२९ माणसे मृत्युमुखी पडली. एका प्रवाशाने कॅनडाच्या पश्चिमेकडील व्हँकूवर शहरात आपली पेटी विमानावर चढविली. त्याचे पुढचे आरक्षण पक्के नसतानाही पेटी थेट पुढे पाठविण्याचा त्याने आग्रह धरला आणि तो मान्य झाला. पेटी निघाली, तो स्वतः मात्र विमानात बसलाच नाही. टोराँटो येथे सामान तपासणारे क्ष-किरणांचे यंत्र त्याच दिवशी मध्येच बंद पडले आणि उरलेल्या पेट्यांवरून हाती धरण्याचे एक उपकरण फिरवून काम भागविण्यात आले. त्याच कटातील दुसरी पेटी जपानच्या नारिता विमानतळावर फुटून सामान उचलणारे दोन कामगार ठार झाले. पुढे २०१० साली जॉन मेजर यांच्या चौकशी आयोगाने ह्या प्रकरणातील हलगर्जीपणाच्या साखळीची कडी न् कडी मोजून दाखविली.

ह्यातून जो धडा मिळाला तो अगदी साधा: माणूस नाही, तर त्याची पेटीही नाही. प्रवासी विमानात चढला नाही तर त्याचे सामान शोधून उतरवितात, मग उड्डाणाला उशीर झाला तरी चालेल. एखादे वेळी सारे प्रवासी बसलेले असताना विमान हलत नाही आणि लोक कुरकुरू लागतात. त्यावेळी खाली पोटमाळ्यात कोणाची तरी मालक नसलेली पेटी शोधली जात असेल, हे आठवावे. १९८८ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमधील लॉकरबीवर पॅन अॅमचे विमान असेच कोसळले आणि विमानातील २५९ व जमिनीवरील ११ माणसे गेली. तेथेही स्फोटके सामानाच्या पेटीत, एका रेडिओ-कॅसेट यंत्रात दडविलेली होती.

तिसरा प्रकार अपहरणाचा. भारताने तो प्रथम अनुभवला ३० जानेवारी १९७१ रोजी, जेव्हा श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले ‘गंगा’ नावाचे फॉकर विमान दोघांनी लाहोरला नेले. त्यांच्याजवळचे पिस्तूल आणि हातबॉम्ब दोन्ही खोटे होते, हे नंतर उघड झाले. १० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीहून मुंबईला निघालेले विमानही लाहोरला नेण्यात आले. सुदैवाने त्यातील प्रवासी सुखरूप परतले. ह्या दुसऱ्या घटनेनंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतुकीच्या सुरक्षिततेसाठी एक स्वतंत्र कक्ष निर्माण झाला. ‘कनिष्क’च्या आघातानंतर, १ एप्रिल १९८७ पासून, त्याचेच स्वतंत्र खाते झाले. आज देशातील विमानतळांचे सुरक्षेचे नियम हेच खाते ठरविते.

५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन अॅमचे विमान कराचीस उभे असता चार बंदूकधारी आत शिरले. ते विमानतळाच्या रक्षकांच्या गणवेशात आले होते. त्यांची गाडीही रक्षकांच्या गाडीसारखीच दिसत होती. नीरजा भनोट आणि तिचे सहकारी यांनी वैमानिकांना वेळीच सावध केले. वैमानिक वरच्या झडपेतून बाहेर पडले. ते सुटले म्हणून त्यांना बोल लावणारे त्यावेळी निघाले असतील. परंतु वैमानिकच नाही म्हटल्यावर विमान जागचे हलू शकले नाही, आणि हलू न शकणारे विमान अपहरणकर्त्याच्या हाती अर्धेच शस्त्र असते. सुमारे सतरा तासांनी गोळीबार झाला, वीसांहून अधिक माणसे गेली आणि इतरांना वाचविताना नीरजाही गेली. तेविसाव्या वाढदिवसाला तिला दोन दिवस कमी होते. शेकडो प्रवासी मात्र जिवंत बाहेर आले.

विमान जमिनीवर रोखून धरणे किती मोलाचे, ह्याची उलट बाजू २४ डिसेंबर १९९९ रोजी दिसली. काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान अपहरण होऊन अमृतसरला उतरले, तेथे पाऊण तासाहून अधिक काळ उभे राहिले, आणि तेथून निसटून लाहोर व दुबईमार्गे कंदाहारला पोचले. एका प्रवाशाचा बळी गेला आणि शेवटी सरकारला तिघा कैद्यांना सोडावे लागले. ह्याच अमृतसरला १९९३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंनी दुसऱ्या एका अपहृत विमानातील सर्व प्रवाशांना सोडविले होते. कंदाहारनंतर विमानतळांचे संरक्षण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे देण्यास प्रारंभ झाला. पहिला विमानतळ जयपूरचा, फेब्रुवारी २००० मध्ये. काही उड्डाणांवर साध्या वेशातील सशस्त्र रक्षकही पाठविले जाऊ लागले. कायदाही रुंदावला. १९८२ च्या कायद्यात विमानाची दारे बंद झाल्यापासूनचा काळच मुख्यतः धरला होता; २०१६ च्या कायद्याने उड्डाणाच्या पूर्वतयारीपासून ते उतरल्यानंतरच्या चोवीस तासांपर्यंतचा काळ संरक्षणाखाली आणला, आणि अपहरणात कोणाचा प्राण गेल्यास देहान्त शिक्षेची तरतूद केली.

आता त्या तपासणीतील यंत्रे काय करतात ते थोडक्यात पाहू. ज्या चौकटीतून आपण जातो तिच्यात तारांची वेटोळी असतात. त्यांतून निघणाऱ्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे अंगावरच्या धातूत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उपजतो आणि तो यंत्राला कळतो. अर्थात धातू नसलेले काहीही तिला दिसत नाही. सामानाचे क्ष-किरण यंत्र दोन निरनिराळ्या शक्तींचे किरण सोडते आणि त्यांच्या फरकावरून पदार्थांना रंग देते: धातूला निळा, कापड, अन्न, प्लास्टिक अशा सेंद्रिय पदार्थांना नारिंगी, मधल्यांना हिरवा. अडचण अशी की पुष्कळशी स्फोटकेही नारिंगीच दिसतात. म्हणजे घरून दिलेल्या चिवड्याच्या आणि पुरणपोळीच्या डब्याच्याच रंगाची. म्हणून पडद्यापुढचा माणूस संशय आल्यास पेटी उघडावयास सांगतो, किंवा कापडाचा तुकडा पेटीवरून फिरवून स्फोटकाचे कण आहेत काय, हे दुसऱ्या यंत्राकडून तपासून घेतो. पडद्याकडे सतत पाहून डोळा थकतो, यास्तव त्या जागेवरची माणसे ठराविक वेळाने बदलतात.

प्रत्येक उपायाला दुसरी बाजूही असते. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत चार विमाने पळवून त्यांचाच शस्त्रासारखा उपयोग करण्यात आला, तेव्हापासून वैमानिकाच्या कक्षाला गोळीलाही दाद न देणारे दार आले. ते आतून बंद ठेवता येते. २०१५ च्या मार्चमध्ये जर्मनविंग्जच्या विमानात सहवैमानिकाने हेच दार आतून बंद करून घेतले, मुख्य वैमानिकाला बाहेर ठेवले आणि विमान आल्प्सच्या डोंगरावर घातले. दीडशे जीव गेले. बाहेरच्या शत्रूसाठी केलेले कुलूप आतल्या शत्रूच्या कामी आले. यावर अनेक देशांनी कक्षात एका वेळी दोन माणसे असावीत असा दंडक घातला. तात्पर्य, कुलूप कितीही भक्कम असो, त्याची किल्ली शेवटी माणसाच्याच मनात असते. आणि वैमानिकाच्या मनःस्वास्थ्याची विचारपूस हाही सुरक्षिततेचाच भाग ठरतो.

आमच्या-तुमच्या पदरी येणारा भाग आता राहिला. अलीकडे खोट्या धमक्यांचा सुळसुळाट झाला आहे. २०१७ च्या ऑक्टोबरात मुंबईहून दिल्लीला निघालेले विमान शौचालयात सापडलेल्या चिठ्ठीमुळे अहमदाबादेस उतरवावे लागले. २०२४ च्या ऑक्टोबरात तर अवघ्या दोन आठवड्यांत देशातील विमानांना अशा शेकडो धमक्या आल्या आणि सर्व पोकळ निघाल्या. धमकी पोकळ असली तरी खर्च खरा असतो: विमान वळवावे लागते, इंधन जळते, आणि कोणाच्या आईच्या अंत्यदर्शनाची वेळ टळून जाते. त्याहून मोठा तोटा हा की शंभर वेळा लांडगा आला म्हटल्यावर एकशे एकाव्या वेळी पहारेकरी सुस्तावतो. आपली मुले हातातल्या दूरध्वनीवरून गंमत म्हणून असला संदेश धाडणार नाहीत, एवढे घरात बसून आपण पाहू शकतो. तसेच दारू पिऊन किंवा रागाच्या भरात विमानात दांडगाई करणाऱ्यावर २०१७ च्या नियमांनुसार प्रवासबंदी येते: शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत, मारहाणीला सहा महिन्यांपर्यंत, आणि जिवावर बेतणाऱ्या कृत्याला दोन वर्षे वा अधिक. परक्याने दिलेली पुरचुंडी ‘तेवढी घेऊन जा’ म्हणून आपल्या पेटीत ठेवू नये, मग ती देणारा कितीही गोड बोलो. दूरध्वनी भारण्याची बॅटरी खाली जाणाऱ्या पेटीत घालू नये. ती पेटल्यास वर हातापाशी विझविता येते, खाली कोणी पाहणारा नसतो.

कोणी म्हणेल, ही तपासणी म्हणजे प्रत्येकाला चोर समजणेच झाले. आमचे मत निराळे आहे. तपासणी जोवर सर्वांची आणि सारखी आहे, तोवर तीत कोणाचाच अपमान नाही. पेढीवरचा कारकून आपल्यासमोर नोटा मोजतो तेव्हा आपण रागावत नाही. अपमान होतो तो चेहरा, पेहराव किंवा आडनाव पाहून एकाला बाजूला काढले आणि दुसऱ्याला सलाम ठोकून सोडले म्हणजे. असे करणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे, कारण कराचीला ज्यांना कोणी अडविले नाही, ते गणवेशातच आले होते. म्हणून मोठ्या पाहुण्यालाही त्याच चौकटीतून जावयास लावणारा शिपाई उद्धट नसतो; तो आपले काम करीत असतो, आणि त्याच्या मागे समाजाने उभे राहिले पाहिजे.

तसेच, हाँगकाँगला विमानाखाली झाडू मारणाऱ्या माणसाला लोभाने गाठले, ह्याची आणखी एक बाजू विसरता कामा नये. नारिताला पेटी फुटून गेले ते सामान उचलणारे कामगारच होते. विमानाखालचा सफाईवाला, हमाल, पडद्यापुढे डोळे फोडणारी रक्षक मुलगी, ह्यांच्या हाती रोज हजारो जीव असतात. त्यांना पुरेसे वेतन, पुरेशी विश्रांती आणि दोन शब्दांचा मान मिळतो की नाही, ह्यावरही आपली सुरक्षितता अवलंबून आहे. पुढल्या खेपेस सोनेगावला रांगेत उभे राहाल तेव्हा पट्टा जरा लवकर सोडून ठेवा, पेटी कोणी भरली असे विचारल्यास खरे उत्तर द्या, आणि हात पसरण्यास सांगणाऱ्याला त्याचे काम नीट करू द्या.